कारवी ६० टक्के म्हणजे नक्की किती?

माझ्या एका जुन्या वहीत २०१६ च्या सप्टेंबरातलं पान आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या बाजूला एका उतारावर कारवी फुलली होती आणि आम्ही परवानगी काढून ती बघायला, मोजायला गेलो होतो. पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'कारवी – ६०%'. शेजारी पावसाच्या थेंबाने पसरलेली शाई. बाकी काही नाही.

कारवी हे डोंगरउतारावरचं झुडूप, ते आठ वर्षांनी एकदा फुलतं. २०२४ ला ती पुन्हा फुलली तेव्हा मी विद्यार्थ्यांना घेऊन त्याच उतारावर गेले. या वेळी कारवीने उताराची किती टक्के जमीन झाकलीय, म्हणजे तिचं आच्छादन किती, हे आम्ही टेप लावून मोजलं आणि आकडा आला ३५. एका मुलीने लगेच विचारलं, "मॅडम, म्हणजे आठ वर्षांत कारवी निम्म्यावर आली?" मला उत्तर देता येईना. ते ६० मी नजरेने काढले होते, टेपने काढले होते की काठीने, हे वहीत कुठेच नव्हतं. आकडा होता, पण तो कशाचा होता हे कुणालाच सांगता आलं नसतं. मलाही नाही.

त्या दिवशी उतारावर बसून मुलांना जे समजावलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते.

आच्छादन मोजणं म्हणजे झाडं मोजणं नव्हे. वृक्षगणनेत खोडं मोजतात. तिच्या हिशेबात माटुंग्याच्या रस्त्यावरचा थोराड रेन ट्री आणि सोसायटीच्या कंपाउंडमधला नारळ, दोघेही 'एक'च. रेन ट्री अख्खा रस्ता झाकतो, नारळाखाली दोन स्कूटर कशाबशा सावलीत उभ्या राहतात. हा फरक आच्छादनात दिसतो: वरून सरळ खाली पाहिलं तर जमिनीचा किती भाग वनस्पतीने झाकलाय.

मुंबईकरांना हे समजावायला एक छान सोय आहे. आपलं शहर साधारण १९ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. तो शून्य सावलीचा दिवस. जुलैतला ढगांत जातो, त्यामुळे मेचाच खरा. त्या क्षणी एखाद्या झाडाखाली जमिनीवर जेवढी सावली पडते, तेवढं त्या झाडाचं आच्छादन. व्याख्या एवढीच.

पण मग त्याच दुपारी गुलमोहोराखाली उभं राहून बघा. सावलीत कवडसे असतात, असंख्य. ते सावलीत धरायचे की उन्हात? सगळी भांडणं इथून सुरू होतात. झाडाच्या घेराच्या कडेने दोरी फिरवली आणि आतलं सगळं 'झाकलेलं' मानलं तर गुलमोहोराचा आकडा मोठा येतो. फक्त पानांची, फांद्यांची खरी सावली धरली, कवडसे वगळले, तर तोच आकडा बराच खाली येतो. दोन्ही रीती शास्त्रात चालतात, दोन्हींना वेगळी नावं आहेत, आणि दोन्हींचा निकाल मात्र 'टक्के' याच रकान्यात लिहिला जातो. तिसरी रीतही आहे: गवतासाठी फक्त बुंध्याने अडवलेली जमीन मोजतात. तो आकडा तर फारच लहान असतो, पण गुरांनी चरून टाकल्याने किंवा एक-दोन पावसांनी तो फारसा हलत नाही, म्हणून कुरणांवर काम करणारे त्याला मान देतात.

आता पद्धतींकडे.

सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे नजरेचा अंदाज. पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो घेऊन एक मीटर बाय एक मीटरची चौकट करायची, जमिनीवर टाकायची आणि वरून बघून सांगायचं: टाकळा इतका, केना इतका, गवत इतकं, उघडी माती इतकी. कॉलेजात क्वाड्रॅट म्हणून सगळ्यांनी केलेलं असतं. आमच्या उतारावर एका चौकटीत तेरडा फुललेला होता. एकाने सांगितलं ५०, दुसरीने ३०. मी दोघांना पत्त्यांचा कॅट दिला. ब्रिजच्या मापाचा पत्ता साधारण ५.७ बाय ८.९ सेंटिमीटर असतो. दोन पत्ते शेजारी ठेवले की जवळजवळ १०० चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे या चौकटीचा जवळजवळ १ टक्का. अख्खी ५२ पानं पसरली तर २६ टक्के. मुलांनी तेरड्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर पत्ते मांडून पाहिले आणि दोघंही गप्प झाले. कॅट संपला तेव्हा तेरड्याएवढी जागा झाकून वर चार-पाच पत्ते उरले होते.

असं का होतं? गुलाबी फुलं डोळ्यात भरतात, म्हणून फुललेली झाडं आपण जास्त धरतो. बारीक पानांचं गवत पार्श्वभूमीत जातं, त्याला कमी धरतो. शिवाय माणूस ३० किंवा ४० म्हणतो, ३४ कधीच म्हणत नाही. स्विस शास्त्रज्ञ ब्राउन-ब्लांके यांनी ही मर्यादा ओळखून नजरेला मोठे टप्पेच दिले: ५ टक्क्यांपर्यंत, ५ ते २५, २५ ते ५०, ५० ते ७५ आणि त्यावर. पुढे १९५९ मध्ये अमेरिकेत डॉबनमायर यांनी २० बाय ५० सेंटिमीटरची छोटी चौकट घेऊन सहा टप्पे केले आणि हिशेबाला प्रत्येक टप्प्याचा मधला आकडा घेतला. म्हणजे ५ ते २५ मध्ये काहीही असलं तरी १५, आणि २५ ते ५० मध्ये काहीही असलं तरी ३७.५. यात सोय मोठी आहे. दोन माणसांचे टप्पे सहसा जुळतात. तोटा असा की एखादं झुडूप २६ वरून ४९ वर गेलं तरी कागदावर काहीच घडत नाही, आणि २४ वरून २६ वर सरकलं की आकडा एकदम १५ वरून ३७.५ वर उडी मारतो. एका चौकटीत हे हास्यास्पद वाटतं. पन्नास चौकटींच्या सरासरीत बरंचसं निभावून जातं.

डॉबनमायर यांनी कवडशांचा निकालही लावून टाकला होता. रोपाच्या टोकांना जोडणारी कल्पित रेघ काढायची आणि आतलं सगळं त्या रोपाचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नजरेच्या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिची एक गोष्ट बाकीच्यांना जमत नाही. ती दुर्मीळ रोप चुकवत नाही. चौकटीपाशी उकिडवं बसलेला माणूस कोपऱ्यातलं एकुलतं एक रोपटं बघतोच. सफेद मुसळीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलियानम. सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी ते नाव दिलं. अशी दोन-चार पानांची वनस्पती शोधायची असेल तर गुडघे मोडून चौकटीपाशी बसण्याला पर्याय नाही.

कारवीच्या रानात मात्र एक मीटरची चौकट टाकायलाच जागा नसते. माणसाच्या डोक्यावर जाणारी दाट झुडपं, खरखरीत पानं, आणि खाली सरकता मुरूम. तिथे टेप बरी. १९४१ मध्ये कॅनफिल्ड यांनी मांडलेली ही रेषेची पद्धत: टेप ताणून बांधायची आणि तिच्यावर प्रत्येक झुडपाची सावली कुठून कुठपर्यंत पडेल ते लिहीत जायचं. आमची टेप २० मीटरची होती. कारवीचे तीन पट्टे आले, ३.४ मीटर, २.१ मीटर आणि १.५ मीटर. बेरीज ७, म्हणून २० पैकी ७, म्हणजे ३५ टक्के. अंदाज नाही, टप्पे नाहीत, बेरीज येणाऱ्या कुणालाही जमेल.

आता याच ३५ कडे जरा जवळून बघू. ३.४ मीटरच्या त्या पट्ट्यात एका जागी सात सेंटिमीटरची फट होती, दुसरीकडे बारा. आम्ही आधीच ठरवलं होतं की पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी फट वगळायची, म्हणून दोन्ही वगळल्या. वीस सेंटिमीटरपर्यंत माफी द्यायचं ठरवलं असतं तर त्याच टेपवर, त्याच झुडपांवर आकडा वाढला असता. कवडसे पुन्हा आलेच. शिवाय टेप सैल पडली, वाऱ्याने हलली किंवा कुणी सोयीसाठी ती झुडपाच्या कडेने वळवली, की लांबीच खोटी. मुलं टेप काट्याकुट्यातून सरळ न्यायला कंटाळतात. मीही कंटाळते. आणि गवतावर ही पद्धत चालवायला जाऊ नये, प्रत्येक पात्याची लांबी लिहिता लिहिता संध्याकाळ होते.

गवतासाठी टोचणीची पद्धत. १९३३ मध्ये न्यूझीलंडमध्ये लेव्ही आणि मॅडन यांनी कुरणांसाठी ती बसवली. एका लाकडी चौकटीतून दहा लांब सुया एकेक करून खाली सोडायच्या, सुई कशाला टेकली ते लिहायचं: गवत, माती, दगड, वाळका पाला. शंभर सुयांपैकी ४२ गवताला लागल्या तर गवत ४२ टक्के. डोळ्याने अंदाज करायचाच नाही, फक्त हो किंवा नाही. त्यामुळे माणसामाणसातला फरक इथे सगळ्यात कमी. कवडसेही आपोआप वगळले जातात, कारण सुई फटीतून सरळ मातीवर जाते. म्हणून त्याच झुडपावर टोचणीचा आकडा डॉबनमायरच्या आकड्यापेक्षा खाली येतो. चूक कुणाचीच नसते, एकाने घेर मोजलेला असतो आणि दुसऱ्याने पानं.

या पद्धतीतली एक गंमत मला फार आवडते. आम्ही सुईऐवजी सायकलची तार वापरतो, ती २ मिलिमीटर जाड. आता समजा गवताचं पातं २ मिलिमीटर रुंद आहे. सुई जर खरोखर बिंदू असती, जाडीच नसती, तर ती त्या २ मिलिमीटरमध्येच पडली पाहिजे. पण तारेला स्वतःची जाडी आहे, त्यामुळे तिचा मध्य पात्याच्या बाहेर एक मिलिमीटरवर असला तरी तिची कड पात्याला घासते. दोन्ही बाजूंचा मिळून एकेक मिलिमीटर वाढला, पातं ४ मिलिमीटरचं असल्यासारखं झालं. म्हणजे गवताचं आच्छादन कागदावर दुप्पट! रुंद पानाच्या टाकळ्याला या दोन मिलिमीटरचं काहीच वाटत नाही, बारीक गवताला मात्र फुकटची बढती मिळते. गुडॉल यांनी १९५२ मध्ये सुईच्या जाडीचा हा घोळ नीट दाखवून दिला. उपाय सोपा आहे: तारेचं टोक कानशीने घासून अणकुचीदार करायचं आणि फक्त टोक टेकलं तरच मोजायचं. मुलांना हे सांगितल्यावर ती टोक बघायला खाली वाकतात, आणि मग वेग निम्मा होतो.

दुसरी अडचण संख्येची. खरं आच्छादन ५० टक्के असलं आणि तुम्ही १०० जागी टोचलं, तर निव्वळ योगायोगाने आकडा ४० ते ६० मध्ये कुठेही येऊ शकतो. ४०० जागी टोचलं तर ४५ ते ५५. म्हणजे मेहनत चौपट, चूक फक्त निम्मी. १ टक्का आच्छादन असलेली वनस्पती १०० टोचण्यांत एकदाही न लागण्याची शक्यता ३७ टक्के आहे. २ टक्के असली तरी १३ टक्के वेळा ती पूर्ण निसटते. मुसळी शोधायला सुई घेऊन जाऊ नये, ते यासाठी. आणि हे सगळे हिशेब टोचण्या एकमेकींपासून लांब असतील तरच. एका चौकटीतल्या दहाही सुया एकाच गवताच्या ठोंबात पडल्या तर कागदावर दहा नोंदी होतात, खरी माहिती एकाच ठोंबाची. म्हणून हल्ली बरेच जण चौकट सोडून देतात आणि टेप पसरून दर अर्ध्या किंवा एक मीटरवर एकदाच टोचतात.

वारा या पद्धतीचा वैरी. मुंबईत दुपारी समुद्रावरून वारं सुटलं की पाती डोलायला लागतात आणि 'लागली की नाही लागली' हा वाद सुरू होतो. सकाळी आठच्या आत कामाला लागावं.

मोठ्या झाडांखाली सुई चालत नाही, तिथे मान वर करायची. पाइपच्या तुकड्याच्या तोंडावर दोन दोरे फुलीसारखे बांधायचे, पाइप बरोबर उभा धरायचा आणि दर चार पावलांवर वर बघायचं: फुलीवर पान आहे की आभाळ? ही टोचणीच, फक्त उलटी. याऐवजी बरेच जण लेमन यांनी १९५६ मध्ये मांडलेला डेन्सिओमीटर वापरतात. हा तळहाताएवढा बहिर्गोल आरसा असतो, त्यावर २४ चौकोन कोरलेले, प्रत्येकात चार बिंदू कल्पायचे, एकूण ९६. उपकरण सुबक आहे, पण ते डोक्यावरचं आभाळ सोडून आजूबाजूचं बरंच काही बघतं, त्यामुळे बाजूच्या झाडांची पानंही हिशेबात येतात. वरून सरळ खाली किती झाकलंय आणि एका जागी उभं राहून किती आभाळ दिसतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आरशाचा आकडा सहसा जास्त येतो. दादरच्या गल्लीत तर इमारतीही आरशात घुसतात.

मोबाइलवर फोटो काढून हिरव्या रंगाचे टक्के सांगणारी अ‍ॅप आता सगळ्यांकडे असतात. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातल्या मंडळींनी बनवलेलं कॅनोपिओ त्यातलं बऱ्यापैकी ओळखीचं. पेरलेल्या शेतात, काळ्या मातीवर हिरवी रोपं असताना, ते चांगलं काम करतं. आमच्या उतारावर ऑगस्टमध्ये काळ्या कातळावर शेवाळ चढलेलं असतं, अ‍ॅपला ते झुडपाइतकंच हिरवं. आणि मेमध्ये तिथलंच वाळकं गवत पिवळं, म्हणजे अ‍ॅपच्या लेखी शून्य, जमीन झाकलेली असूनही. झाडाचं नाव तर त्याला ठाऊकच नसतं.

उपग्रहाचंही काहीसं असंच. भारतीय वन सर्वेक्षण किमान एक हेक्टर जागेवर झाडांची छत्री १० टक्क्यांहून जास्त असेल तर तिला वनाच्छादन म्हणतं. १० ते ४० खुलं, ४० ते ७० मध्यम दाट, ७० च्या वर अतिदाट. जमीन कुणाची, झाडं कुठली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. राज्याचा, देशाचा अंदाज घ्यायला हे लागतंच, उतारावर टेप घेऊन देश मोजता येत नाही. पण 'आमच्या भागात हिरवाई वाढली' असं कुणी उपग्रहाचा रंगीत नकाशा दाखवून सांगायला लागलं की मी आधी विचारते, महिना कुठला आणि तळं कुठे आहे? पवई तलावावर पसरलेली जलपर्णीसुद्धा वरून छान हिरवी दिसते.

महिन्याचं तर कारवीत फारच महत्त्व आहे. फुलून, बी धरून झाली की ती मरते. हिरवं रान वाळक्या काठ्यांचं होतं. याच काठ्यांचे कुड आपल्या कोकणात घरोघरी असायचे. त्यामुळे २०२४ च्या सप्टेंबरात मोजणाऱ्याला आणि २०२५ च्या सप्टेंबरात मोजणाऱ्याला त्याच उतारावर दोन वेगळे डोंगर दिसतील, आणि त्यात वणवा, अतिक्रमण, हवामान कुणाचाच हात नसेल. पुन्हा, रानात झुडपांचे थर असतात. वर कारवी, खाली तेरडा, त्याखाली गवत. प्रत्येकीचं आच्छादन वेगळं मोजलं तर बेरीज १३० टक्केही होते. विद्यार्थी घाबरून खोडरबर काढतात. खोडायचं काही कारण नसतं.

मग त्या मुलीच्या प्रश्नाचं काय? आम्ही टेप होती तिथेच ठेवून तिच्या कडेने वीस छोट्या चौकटींचा अंदाज घेतला, दोघांनी वेगवेगळा, डॉबनमायरच्या टप्प्यांत. मग त्याच टेपवर दर वीस सेंटिमीटरवर तारेने शंभर वेळा टोचलं, झुडूप उंच होतं तिथे फुलीचा पाइप लावून. टेपने ३५ म्हटलं होतं, टोचणीने ३१, आणि चौकटींनी ४८. झुडपं तीच, सकाळ तीच. त्यामुळे २०१६ चे ६० जर नजरेने घेतलेले असतील, तर कारवी थोडीशी कमी झाली असेल किंवा अजिबात झाली नसेल. जर टेपने घेतलेले असतील, तर बरीच कमी झाली आहे. वहीतल्या डागाकडे मी बराच वेळ बघितलं. त्या वर्षी आमच्याकडे टेप होती का, हेही आठवेना.

२०२४ च्या पानावर आता असं लिहिलंय: 'कारवी. रेषा २० मीटर, ५ सेंमीवरच्या फटी वगळून – ३५. टोचणी १००, घासलेलं टोक, पहिला स्पर्श – ३१. चौकट २० × ५० सेंमी, वीस, दोन निरीक्षक, मधला आकडा – ४८. सप्टेंबर, पूर्ण फुलोरा, सकाळी ७ ते १०, वारा नाही. टेपच्या दोन्ही टोकांच्या दगडांवर पिवळ्या ऑइल पेंटची खूण.' पान पेन्सिलीने लिहिलंय. पेन्सिल पावसात पसरत नाही.